असू दे, परत कर

शाळेत कंपनीचं सॉफ्टवेअर घ्यायचं की फुकटचं, सगळ्यांना खुलं असलेलं, यावरून कॉम्प्युटरच्या बाई बैठकीत तावातावाने भांडल्या होत्या. "कंपनीच्या वस्तूला हात लावायची चोरी! हे आपलं आहे, कुणीही सुधारावं!" शेवटी बाईंचंच खरं झालं.

खरं कारण मात्र त्यांनी पोटातच ठेवलं. त्या खुल्या सॉफ्टवेअरमधल्या गणिताच्या खेळात बोलणारा आवाज त्यांच्या नवऱ्याचा होता. आजारपणात, खोकत खोकत त्याने तो भरला होता. तो गेल्यापासून, मुलं घरी गेली की बाई मुद्दाम उत्तर चुकवायच्या आणि तो म्हणायचा, "असू दे, परत कर."

सुट्टीनंतर नवे सर हौसेने सांगत आले, "बाई, त्या आवाजात सारखा खोकला यायचा. मी माझा भरला. तुम्हीच म्हणाला होतात ना, कुणीही सुधारावं?"

"आणि जुना?"

"त्याच्यावरच भरला की."

रागवायचं तरी कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

वर्ग रिकामा झाल्यावर बाई बसल्या. सात अधिक पाच, तेरा.

"असू दे, परत कर," सरांचा खणखणीत आवाज आला.

बाईंनी परत केलं. तेरा. पुन्हा तेरा. खोकला काही आला नाही.