फुलाबाईंचं गूळखोबरं

भोरमध्ये एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, लग्नं नसतील तेव्हा, हनुमंत सर मुलींना रिदमिक जिम्नॅस्टिक्स शिकवायचे. शरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी वाढत्या वयातल्या मुलींचा अभ्यास करत होते. त्यासाठी दर महिन्याला तिथं जाऊन मी त्यांची उंची, पायांची लांबी आणि उडी मोजायचे.

शुभांगी तेरा वर्षांची. घर वेल्ह्याच्या डोंगरात, धनगरवाड्यावर; शाळेसाठी भोरला मावशीकडं राहायची. राज्य स्पर्धेला कोण जाणार हे सर त्या दिवशी सांगणार होते. मोजपट्टीखाली उभी राहताना ती हळूच म्हणाली, "ताई, गुडघे जरा वाकवले तर?"

"तर चुकीची उंची येईल. वाढलीयस, त्यात काय?"

"सरांना वाढलेल्या नकोत."

ते खरंच होतं. सर नवीन मुलीला घेताना आधी तिच्या आईची उंची विचारायचे. मुलींच्या दंडाचं मांस चिमटीत धरून बाकीच्यांना दाखवायचे, "बघा, लोणी." मग तीच बोटं टी-शर्टला पुसायचे.

शुभांगीचा तोल जात होता, कारण तिचे पाय लांबले होते. शरीराला नव्या लांबीची सवय व्हायला काही महिने लागतात. सरांना वाटे, मावशीकडच्या भाकरीमुळे. त्यांनी तिची रात्रीची भाकरी बंद करायला सांगितली होती.

सराव रंगात आला असताना तिची आई, फुलाबाई, एसटीनं आली. हातात स्टीलचा डबा.

"सर, पोर शहाणी झाली आमची, न्हाण आलं तिला," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "गणपतीला घरी आलती तवाच. आमच्यात अशा येळी शिकवणाऱ्याला पयलं गूळखोबरं देत्यात. घ्या."

शुभांगीच्या हातातली रिबन खाली पडली. "आये, गप ना."

"गप कशाला? चोरी केली का आपण?"

सरांनी मूठभर गूळखोबरं उचलून तोंडात टाकलं. चावता चावताच म्हणाले, "आरती, शुभांगीच्या जागी तू उभी राहा. स्पर्धेला तूच जाणार."

आरती नऊ वर्षांची होती.

मी म्हटलं, "सर, तिचा तोल पुन्हा येईल. पाय लांबलेत एवढंच. उडीची ताकद तर वाढलीय, मी मोजलीय."

"मोजा की, मॅडम. मला बायकांचा संघ न्यायचा नाही. परीक्षकांना हलक्या पोरी लागतात." दातात अडकलेलं खोबरं त्यांनी नखानं काढलं, बघितलं आणि परत खाल्लं.

फुलाबाईला काही उमगेना. "काय चुकलं का आमचं?"

"छे हो. बरं झालं सांगितलंत. आता काय, दोन-चार वर्षांत लग्नाला येईल."

"लग्नाचं तुमाला कुणी इचारलं?" ती म्हणाली. सर हसले आणि गुळाचे हात रुमालाला पुसत म्युझिक लावायला गेले.

शुभांगी आईकडं बघत नव्हती. "तुला कुणी बोलावलं होतं?" एवढंच म्हणाली आणि भिंतीशी जाऊन बसली. आणलंय तर वाटलं पाहिजे म्हणून फुलाबाई डबा घेऊन लहान मुलींच्या रांगेपुढं गेली.

एकीनंही हात पुढं केला नाही. एक मुलगी चक्क मागं सरकली, डब्यात पाल पडली असावी तशी. त्या सगळ्या सकाळपासून उपाशी होत्या, हे मला माहीत होतं. वजन करून होईपर्यंत सर त्यांना खाऊ देत नसत.

"घ्या गं, गोड हाय," फुलाबाई म्हणाली.

आरतीनं दोन्ही हात पाठीमागं धरले आणि मला विचारलं, "ताई, हे खाल्लं की आपण पण मोठं होतो?"

"नाही," मी म्हणाले. "खाल्लं नाहीस तरी होशील."

आरती रडायला लागली. सरांनी म्युझिकचा आवाज वाढवला.