तिसगावचा टिकाव आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी कानस आहे. लोखंड घासून सरळ करायचं, एवढंच माझं काम. आता ते होत नाही. त्याचं मला फारसं काही वाटतही नाही.

नगरच्या एका टेक्निकल हायस्कुलात मी नवीकोरी आले तेव्हा माझ्या दातांची पोरांना भीती वाटायची. दानीएल सरांनी मला तिसगावच्या मच्छिंद्रच्या हाती दिलं. सर म्हणायचे, "कानस फक्त कामाला. दुसऱ्या कशाला लावायची नाही." मच्छिंद्रचा हात सरळ चालायचा. सर त्याचं कौतुक करायचे, मलाही बरं वाटायचं.

बाहत्तरचा दुष्काळ होता. परीक्षेच्या आदल्या रविवारी घरी सराव करावा म्हणून मच्छिंद्रने मला पिशवीत घालून नेलं. त्याची आई मुक्ताबाई दुष्काळी कामावर जायची.

"टिकाव पार बोथट झालाय रं," ती म्हणाली. "लोहार गाव सोडून गेला. उद्या मुकादम कामावर घ्यायचा न्हाई."

"आन हिकडं. कानस हाय माझ्याकडं."

टिकावाचं पोलाद चांगलंच कडक होतं. त्याला धार आली आणि माझे दात गेले.

सोमवारी परीक्षेत मी लोखंडावरून नुसती घसरत राहिले. शेजारचा बन्सी पाणी प्यायला गेला होता. त्याची नवी कानस तिथंच पडली होती. मच्छिंद्रने तिच्यावर हात ठेवला आणि परत काढून घेतला.

सरांनी मला बोटानं चाचपलं. "हिचं काय केलंस?"

"आईचा टिकाव घासला, सर."

सरांनी त्याच्या कामाला काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडात धरला. मधून उजेड दिसत होता. सरांनी गुण्या खाली ठेवला.

"खरं बोललास, ते मोठं काम केलंस. पण हे काम सरळ नाही. ऑक्टोबरला परत बस. तुझी जागा मी कुणाला देणार नाही."

मला त्याच जागेवर खिळ्याला टांगलं. ऑक्टोबर आला. सरांनी मच्छिंद्रच्या टेबलावरची धूळ पुसली, दिवसभर दाराकडे बघितलं. मच्छिंद्र आला नाही.

मित्रांनो, हत्याराला जपा. आणि ज्याच्या हाती ते दिलंय, त्याच्या घरी काय चाललंय तेही एकदा विचारा.

बन्सी सांगत होता, मुक्ताबाई आता अंथरुणाला खिळली आहे आणि कामावर मच्छिंद्र जातो. टिकाव तोच आहे. माझ्या दातांची धार अजून त्याला आहे म्हणे.