निऱ्यांवरचा हात

ते २०१७ साल, नोव्हेंबर महिना. आमच्या आळीत घरोघरी कापूस येऊन पडला होता. जळगावला निघताना सुलक्षणाच्या पिशवीलाही त्याचे तंतू चिकटले होते आणि भुसावळ पॅसेंजरमध्ये बसून मी ते वेचत होते.

सुलक्षणा माझ्या धाकट्या भावाची, सुकदेवची, मुलगी. शिंदखेड्याला सुकदेवचं सायकल दुरुस्तीचं दुकान. बोदवडच्या शाळेतून निवृत्त होऊन मी त्याच्याकडे राहायला आले तेव्हा ती तेरा वर्षांची होती. दोन वर्षांची असताना तापात तिचा डावा पाय गेला होता. मांडी उजव्या मांडीच्या निम्मी, आणि वजन पडलं की गुडघा दुमडायचा.

दुकानातल्या एका जुन्या सायकलवर ती आपणहून शिकली. मला याचं फार नवल वाटायचं. जो पाय अंगाचं वजन पेलत नाही, तो पायडल कसा मारतो? एक दिवस ओट्यावर खुर्ची टाकून मी नुसती बघत बसले. दोन्ही पावलं तिनं फाटक्या ट्यूबच्या पट्ट्यांनी पायडलला बांधली होती. डावं पाऊल नुसतं सोबतीला फिरायचं. उजवा पाय खाली दाबायचा आणि पट्टीमुळे वर ओढायचाही. दोघांचं काम एकटा करायचा. मग उतरतेस कशी, असं मी विचारलं, तर म्हणाली, उतरतच नाही, भिंत येईपर्यंत चालवते. दोंडाईच्याच्या रस्त्यावर ती कॉलेजच्या पोरांना मागे टाकायची. सायकलवर तिचं लंगडणं कुणाला दिसायचं नाही.

ती अठरा वर्षांची झाली आणि मंजुळाबाईनं, तिच्या आईनं, मुलगी दाखवायला काढली. आमच्याकडे पाहुणे आले की पोहे होतात, नाव-शिक्षण विचारून होतं, मग एखादी मावशी म्हणते, जरा पाणी आण गं बाई. तहान कुणालाच नसते. मुलीची चाल बघायची असते. मंजुळाबाई माझ्यापुढे बसून रडली. मी जन्मभर शिकवत आले, दुसरं काही मला येत नाही. चार महिने रोज दुपारी मी सुलक्षणाला साडी नेसवून स्वयंपाकघरापासून ओट्यापर्यंत चालवलं. निऱ्या सावरल्यासारखा डावा हात मांडीवर ठेवायचा आणि पाऊल टाकताना तळहातानं मांडी मागे रेटायची, म्हणजे गुडघा दुमडत नाही. कंबर जराशी उचलायची, म्हणजे पाऊल घासत नाही. तांब्या उजव्या हातात.

सात ठिकाणचे पाहुणे येऊन गेले. चाल बघून सगळे खूश व्हायचे आणि जाताना गावातलं कुणीतरी त्यांच्या कानावर घालायचंच. शेवटच्या खेपेला मुलाची मावशी निघताना उंबऱ्यात थांबली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "चाल तं भारी शे. मास्तरीन ठेयेल व्हती का?"

त्यानंतर पाहुणे बंद झाले. पण ती चाल सुलक्षणाच्या अंगात राहिली. ओढणीवर हात, पुढे पँटच्या खिशात हात.

प्रेमराजभाऊ आमच्या आळीत एका लग्नाला आले होते. भुसावळजवळ दीपनगरच्या वसाहतीत राहायचे, वीज केंद्रात नोकरी, आणि सकाळ-संध्याकाळ मुलांना सायकलच्या शर्यतींसाठी तयार करायचे. चाकात हवा भरायला दुकानात आले आणि सुलक्षणाला भिंतीपाशी येऊन थांबताना त्यांनी पाहिलं. दर शनिवारी ती गाडीनं भुसावळला जायला लागली. वसाहतीचे रस्ते रुंद, गर्दी नाही. वर्षभरानं ते म्हणाले, दिव्यांगांच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी जळगावला निवड आहे, हिला उतरवतो.

मंजुळाबाई आली नाही. चार लोकांत मुलीचा पाय तपासणार, हे तिला सोसणार नव्हतं. म्हणून मी गेले.

तिथला नियम मला नवा होता. शर्यतीआधी प्रत्येकाला तपासून गट देतात, एक ते पाच. जितकी अडचण जास्त, तितका आकडा लहान. प्रत्येक गटातला पहिलाच पुढे जाणार. एका शाळेच्या हॉलमध्ये एक डॉक्टरीणबाई आणि तिचा मदतनीस पन्नास-साठ जणांना भराभर तपासत होते. सुलक्षणाचा नंबर दिवस मावळताना आला. पाय ढकल म्हटलं, तर तिनं कमरेतून ढकलला. चाल म्हटलं, तर खिशात हात घालून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ चालत गेली. मला अभिमानच वाटला, खोटं कशाला सांगू.

कागदावर आकडा आला पाच. पाचव्या गटात हाताची बोटं नसलेल्या, पण दोन्ही पाय धडधाकट असलेल्या मुली होत्या. प्रेमराजभाऊंनी कागद वाचला आणि खालीच बसले. म्हणाले, त्यांच्यात ही शेवटची येईल. सकाळी आठपर्यंत हरकत घेता येते. पण आज सरळ चालली आणि उद्या लंगडली, तर ढोंग केलं म्हणून काढूनच टाकतील. परत कधी उभं करणार नाहीत.

मुक्कामाच्या खोलीत आल्यावर मी तिला म्हटलं, उद्या तुझ्या मूळच्या चालीनं चाल. ती खाटेच्या कडेला बसली. मग म्हणाली, "बठ्ठासम्होर लंगडत चालू का, अक्का?"

सगळ्यांसमोर लंगडायचं नाही, हेच तर मी तिला शिकवलं होतं. तिनं उठून दोन पावलं टाकून पाहिली. तीच चाल, मी शिकवलेली. परत टाकली. परत तीच. हात आपोआप मांडीवर जात होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिची मूळची चाल कशी होती, ते मलाही आठवत नाही. तीन वर्षं मी ती पाहिलीच नव्हती.

"तूच शिकाडं ना," ती म्हणाली, "आते तूच काढ."

मला ते जमलं नाही.

सकाळी डॉक्टरीणबाईंनी प्रेमराजभाऊंनी दिलेला हरकतीचा कागद वाचला आणि चष्म्यावरून बघितलं. "काल तर छान चालत होतीस. मग खरं कुठलं धरायचं? कालचं की या कागदावरचं?"

मी पुढे होऊन सांगायला लागले. पाहुणे, पोहे, पाण्याचा तांब्या, निऱ्या. मदतनीस हसू दाबत होता. माझंच मला ते बनवाबनवीचं वाटायला लागलं.

"अक्का, थांब," सुलक्षणा म्हणाली. तिनं खिशातून हात काढला. दोन्ही हातांची बोटं गुंफून डोक्यावर ठेवली आणि चालायला लागली. हॉलमध्ये चाळीसेक माणसं असतील. पहिलं पाऊल उजवं, नीट पडलं. डाव्यावर भार आला आणि गुडघा दुमडला. ती सावरली. पुढच्या खेपेला सावरता आलं नाही. डोक्यावरचे हात तिनं पडतानाही सोडले नाहीत, त्यामुळे खांद्यावर आपटली.

डॉक्टरीणबाई स्वतः तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसल्या. मांडी चाचपली, कंबर एका हातानं दाबून धरली आणि पाय उचलायला लावला. तो हलला नाही. बराच वेळ तपासून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "ही चाल तुम्ही शिकवलीत?"

मी हो म्हटलं.

"पक्की शिकवलीत," त्या म्हणाल्या आणि कागदावर तीनचा आकडा घातला.

दुपारी दुखऱ्या खांद्यानं ती तिसऱ्या गटातून पहिली आली. त्या हिवाळ्यात राष्ट्रीय स्पर्धेत चौथी. दोन वर्षांनी पहिली, आणि त्यानंतर आणखी तीनदा पहिली. आता भुसावळला राहते आणि दीपनगरला आठ-दहा मुलांना सायकल शिकवते. चालताना पायाला आधाराचा कॅलिपर लावते, तो सलवारीवरूनही दिसतो. लग्न केलेलं नाही. विचारलं तर म्हणते, सध्या वेळ नाही.

सुकदेव २०२१ मध्ये गेला. दुकान आता त्याचा जुना कारागीर तोताराम चालवतो. प्रेमराजभाऊ निवृत्त होऊन बोदवडला घर बांधून राहिले, पण शर्यतीच्या आदल्या दिवशी फोन करून सुलक्षणाला रागावल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. मंजुळाबाई प्रत्येक शर्यतीला जाते आणि वळणावर पाण्याची बाटली घेऊन उभी राहते. कुणी म्हटलं, पोरगी लंगडते वाटतं, तर ती सांगते, तिसरा गट आहे तिचा, आणि गट म्हणजे काय ते समजावत बसते.

मी शिंदखेड्यालाच आहे. त्या डॉक्टरीणबाई पुढे कुठे गेल्या, ते समजलं नाही. जळगावहून कुणी आलं की मी अजून त्यांची चौकशी करते, पण नाव विचारायचं राहून गेलं, त्यामुळे कुणाला काही सांगता येत नाही.