पांढरी गच्ची आणि पंचफुलाकाकूंच्या कुरडया

माझी जिवलग मैत्रीण दामिनी आमच्याच बिल्डिंगमध्ये सगळ्यात वर राहते, आणि ती जाणार होती. आमची नंदनवन वस्ती सोडून! एप्रिल लागला की तिच्या घराचं छत असं तापतं की कूलरसुद्धा गरम वाफाच फेकतो. तिची आई चक्कर येऊन पडली, तेव्हापासून तिचे बाबा, रूपरावकाका, दुसरीकडे घर बघत होते.

शाळेत मी 'येणारी पन्नास वर्षं आणि जग' यावर भाषण ठोकलं होतं. वितळणारा बर्फ, पाण्यावरून भांडणं, सगळं! गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायचे, त्यामुळे टाळ्या जरा डोक्यात गेल्याच. तेच भाषण घेऊन मी घरमालकीण पंचफुलाकाकूंकडे गेले.

"काकू, गच्चीला पांढरा चुना मारू. खालचं घर थंड राहतं. जग तापून राहिलंय!"

"तापू दे. गच्ची थंड केली तं माह्या कुरडया वाळतीन कशा? तुह्या डोस्क्यावर घालू का वं?"

माझ्या भाषणात कुरडयांचा मुद्दाच नव्हता! आमच्या अख्ख्या गल्लीच्या कुरडया-पापड या काळ्या, तव्यासारख्या गच्च्यांवरच साड्या अंथरून वाळतात.

मग दामिनीनं आणि मी टाकीजवळ चटईएवढ्या जागेवर चुना मारला, गोंद मिसळून. वाळल्यावर भर दुपारी काकूंना वर आणलं.

"चप्पल काढा."

"काहून?"

"काढा तर!"

काळ्या भागावर पाय टेकताच काकू "अगं माय!" करत नाचल्या आणि उडी मारून चुन्यावर गेल्या. तिथं मात्र उभ्याच राहिल्या. मग रडकुंडीला आलेल्या दामिनीकडे त्यांनी पाहिलं.

"तुही माय या तव्याखाली झोपते का वं? मले वाटलं, रूपराव उगाच कुरकुर करून राहिला." मग माझ्याकडे वळून, "पाहत काय राहिली? बाजा आण वर. माहेरी आम्ही बाजेवर लुगडं टाकून कुरडया घालत होतो. वरून ऊन, खालून वारा."

रविवारी सगळी बिल्डिंग ब्रश घेऊन वर! पुढच्या आठवड्यात रूपरावकाकांनी स्टुलावर चढून छताला हात लावला. बराच वेळ ठेवला.

"दामिनी, बांधलेली पुस्तकं सोड," ते म्हणाले. "यंदाचा उन्हाळा निघते इथं."

आम्ही दोघी किंचाळत गच्चीवर पळालो. तेवढ्यात पलीकडच्या गच्चीवरून एक काकू ओरडल्या, "अवं पोरींनो, चुन्यात काय मिसळलं वं?"

मी सांगितलं. भाषणापेक्षाही मोठ्यानं.