धाकटीला चढवलेला कोट

मित्रांनो, मी एक जुना लाल कोट आहे, पांढऱ्या कॉलरचा. मुतारे शहराच्या बाजारात एका शिंप्याने मला शिवलं, पण माझा खरा जन्म झाला चर्चमध्ये. आमच्या जुन्या मंडळीत लाल कोट कुणी नुसता विकत आणून घालत नाही. पाळकाची बायको तो सगळ्यांसमोर बाईच्या अंगावर चढवते. मग ती दर गुरुवारी तो घालून प्रार्थनेला जाते आणि मेल्यावर त्यातच तिला पुरतात. मला माय चेनाईच्या, म्हणजे चेनाईच्या आईच्या, अंगावर चढवलं. तिने मला कधी दुसऱ्या कपड्यांबरोबर धुतलं नाही. कोळशाची इस्त्री आधी स्वतःच्या झग्यावर फिरवून बघायची, मग माझ्यावर. इतका मान मिळाला की कोटालाही तो चढतो, आणि मला चढला होता.

माय चेनाई घरची थोरली. धाकटी म्हणजे तिची सवत, माय गारिकाई. दुसऱ्या बायकोला कोट नाही, असा मंडळीचा नियम. नवरा कधीच वारला होता, दोघी एकाच चुलीवर मक्याच्या पिठाचा सादझा ढवळत होत्या, तरी नियम तसाच राहिला. गुरुवारी थोरली पुढच्या लाल रांगेत बसे आणि धाकटी शेवटच्या बाकावर, विटक्या निळ्या झग्यात. मला त्यात काही वावगं वाटत नसे.

मग थोरलीची लेक चेनाई नव्या मंडळीत गेली. त्यांचा तंबू नदीपलीकडे. तिथे कोट नाहीत, बाकही नाहीत, सगळे चटईवर. चेनाई आली की एकच धोशा लावायची.

"दोघीही या. तिकडे धाकट्या आईला कुणी मागे बसवणार नाही."

"आक्का निघाली की मी निघते," धाकटी म्हणायची. "एकटी जाऊन मी तिकडे भांडू कुणाशी?"

थोरली माझ्या बाहीवरून हात फिरवत बसायची. मंडळी सोडायची तर कोट परत करावा लागतो, आणि मातीत जायचं तर याच कोटात, हे तिने तरुणपणीच ठरवलं होतं. "ईस्टर होऊ दे," ती म्हणायची. ईस्टर झाला की, "कापणी होऊ दे." मी उघड्या ट्रंकेत जीव मुठीत धरून ऐकायचो. तिने हो म्हटलं की माझं संपलं.

कापणीच्या आधीच धाकटी गेली. शेंगा सोलता सोलता एका अंगावर कलंडली, ती उठलीच नाही.

पुरायच्या दिवशी अंगणात शवपेटी उघडी ठेवली होती. लाल कोटवाल्या बाया भिंतीशी उभ्या राहून गात होत्या, मीही थोरलीच्या अंगावर होतो. आमच्याकडे मयताच्या घरी सुना गेलेल्या माणसाची नक्कल करतात. लोकांना हसवायचा हक्कच असतो त्यांचा. धाकटीची सून शुवाई सासूचा निळा झगा घालून पुढे आली.

"ही बघा आमची सासूबाई, गुरुवारी घरून निघताना."

तिने चोरून इकडेतिकडे पाहिलं. मग नसलेल्या कोटात हात घातले, खालून वर एकेक बटण लावलं, कॉलर सारखी केली आणि ऐटीत मान वर केली.

"दाराआड हे चालायचं. आम्ही फटीतून बघायचो."

माणसं खदखदून हसली. थोरलीही हसली, आणि मधेच थांबली. माझं वरचं बटण घट्ट आहे, म्हणून ती नेहमी खालून सुरुवात करते. धाकटीने ते बघून ठेवलं होतं. थोरलीचं काळीज माझ्या आत असं धडधडलं की माझी शिवण उसवते की काय, असं मला वाटलं.

ती शवपेटीजवळ गेली. तिने मला काढलं, धाकटीचे हात माझ्या बाह्यांत घातले आणि खालून बटणं लावायला लागली. गाणं बंद पडलं. कोटवाल्या बायांची पुढारी माय मुकोंडो पुढे आली.

"काढ तो कोट. तो तिला चढवलेला नाही."

"मी चढवला की आत्ता."

"तू कोण चढवणारी? आणि उद्या तू मेलीस तर कशात जाशील?"

वरचं बटण नेहमीसारखं अडलं. माय मुकोंडोने माझी कॉलर धरली. ओढली असती तर मी फाटलो असतो. थोरलीने तिच्या हाताकडे पाहिलं आणि ती बटण लावत राहिली. हळूहळू कॉलर सुटली.

"अंगावर असेल त्यात जाईन," थोरली म्हणाली. "चेनाई, रविवारी मला तुझ्या तंबूत चटईवर जागा धर." मग ती खाली वाकली आणि हलकेच म्हणाली, "निघाले गं. उशीर केला मी."

खड्ड्याशी लाल रांग गप्प उभी होती. थोरली एकटीच गायली. माती पडेपर्यंत मला तो आवाज येत होता.

मित्रांनो, कपड्यांना जपा असं मी सांगणार नाही. मला फार जपलं गेलं. कुणाला मान द्यायचा असेल तर त्याला बटण लावता येतंय तोवर द्या, आणि मागच्या बाकावर कोण बसलंय ते आजच वळून बघा. धाकटीला मी खांद्यात जरा सैल होतो. बाकी बरोबर बसलो.