टिचकीदादाने ऐकून घेतलं

साठी उलटलेली बाई पंचविशीतल्या दूधवाल्याच्या आवाजात बोलते, हे प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कुणाला खरं वाटत नसे. पण अकरा वर्षं कार्टूनमधला टिचकीदादा म्हणजे मामीच होत्या. टिचकीदादा सायकलवरून घरोघर दूध पोचवणारा साधा माणूस. फक्त त्याच्या बोटात इतकं बळ, की एका टिचकीत डोंगराएवढा राक्षस आडवा. दर भागात नवा राक्षस यायचा, जग जिंकण्याचं लांबलचक भाषण ठोकायचा, आणि ते चांगलं रंगात आलं की टिचकीदादा म्हणायचा, "आटपा लवकर, दूध नासतंय." आणि टक्! खेळ खलास.

ते सगळे राक्षस म्हणजे मामींचे यजमान. स्टुडिओत सगळे दोघांना मामा-मामीच म्हणत, कारण मालिका लिहिणारा आणि बसवणारा हा मामांचा सख्खा भाचा. पहिल्या वर्षी तर माईक एकच होता. मामांनी गर्जना करून बाजूला सरायचं आणि मामींनी पुढे घुसायचं. त्या घाईत मामींनी किती वेळा मामांच्या पायावर पाय दिला असेल, याची गणती नाही. सुरुवातीच्या राक्षसांचं विव्हळणं इतकं अस्सल वाटायचं, ते उगीच नव्हे.

लोकांनी मालिका डोक्यावर घेतली. मामींना विचाराल तर तिचं बळ त्या बोटात नव्हतंच, ते भाषण मध्येच तोडण्यात होतं. एवढा मोठा फुगा फुगवायचा आणि त्याला टाचणी लावायची. माणूस कितीही रडतोंड्या असो, हसणारच. उणंही तिथंच होतं. जो हरूच शकत नाही त्याची काळजी कोण करणार? अकरा वर्षांत टिचकीदादाला एकदा धाप लागली नाही, की मामींना एकदा घाबरून बोलावं लागलं नाही. मजा सगळी राक्षसांच्या जिवावर, आणि दुसऱ्या दिवशी त्या बिचाऱ्यांचं नावही कुणाला आठवायचं नाही. भाचा तर त्यांची भाषणं अर्धीच लिहायचा. "आणि म्हणून मी या जगाला" एवढं लिहिलं की पुढे टिंबं. टिचकी बसणारच आहे, तर वाक्य पुरं करण्यात शाई कशाला घालवा?

अकराव्या वर्षी मामांचा घसा बसला तो उठेचना. डॉक्टरांनी आत नळी घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ होती. "साधी आहे, भिऊ नका," ते म्हणाले, "सोमवारी काढून टाकू. आवाज परत येईल, पण हाच येईल असं काही मला लिहून देता येणार नाही."

शुक्रवारी रेकॉर्डिंग होतं. सुरू करण्याआधी तिघं चहा घेत बसले होते, तेव्हा मामा भाच्याला म्हणाले, "एक मागणं आहे रे माझं."

"हुकूम करा."

"आजच्या राक्षसाचं भाषण पुरं लिहून दे. अगदी पूर्णविरामापर्यंत. अकरा वर्षं बोलतोय, पण माझं एक वाक्य कधी शेवटाला गेलं नाही. सोमवारनंतर हा आवाज असेल, नसेल."

भाच्याने कान खाजवला. "मामा, दुसरं काहीही मागा. राक्षसाचं बोलून संपलं तर टिचकी मारायची कशासाठी? विनोद तिथंच आपटेल. मामी, तुम्ही तरी सांगा ना यांना."

मामा मामींकडे बघत होते. मामींच्या तोंडून निघून गेलं, "बरोबर आहे हो त्याचं. चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची?"

"बरं," मामा म्हणाले, आणि अर्धा कप चहा तसाच ठेवून आत गेले.

मामी काही चूक बोलल्या नव्हत्या. तरी तोंड कडू झालं ते झालंच.

त्या स्टुडिओत आवाज आधी घेत आणि चित्रं मागाहून काढत. आत मामा-मामी, काचेपलीकडे भाचा आणि रेकॉर्डिंगवाला. लाल दिवा लागला. मामांनी छाती भरून घेतली.

"ऐका, दुबळ्या माणसांनो! हजार पायऱ्यांच्या किल्ल्यावर मी शंभर वर्षं एकटा बसलो! आता मी खाली उतरलो आहे, गाव जाळलं आहे, आणि म्हणून मी या जगाला..."

मामींची जागा आली. मामी गप्प.

मामाही थांबले. अकरा वर्षांची सवय. घाण्याचा बैल ठरल्या जागी वळतो, तसे ते त्या शब्दावर थांबतच असत. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, बोटाने खूण केली, तुझी ओळ! काचेपलीकडे भाचाही हात हलवायला लागला. मामींनी त्याच्याकडे पाठ फिरवली आणि टिचकीदादाच्या आवाजात म्हणाल्या, "बोला, बोला. मी थांबलोय."

मामांनी कागद पाहिला. पुढे टिंबं.

"या जगाला..." त्यांनी पुन्हा सुरुवात केली, "जगाला... सांगायला आलोय."

"काय?"

"की मला जग नकोय. एवढं घेऊन ठेवू कुठे? मला रोजचं अर्धा लिटर दूध लावायचं होतं. पण हजार पायऱ्या बघून कुणी वरच येत नाही."

रेकॉर्डिंगवाला फसकन हसला आणि त्याने तोंडावर हात दाबला.

"अहो, मग एवढ्यासाठी गाव जाळायचं?"

"आधी हळू आवाजात सांगून पाहिलं होतं," राक्षस म्हणाला. "कुणी ऐकून घेतलं नाही."

त्या शेवटच्या शब्दावर मामांचा आवाज चिरला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच टिचकीदादा बोलताना अडखळला.

"उद्यापासून... उद्यापासून येतो मी वर," तो म्हणाला. "पण गाव जाळलंत, त्याचं काय?"

"ते खरं." राक्षसाने जरा विचार केला. "मार टिचकी."

"हळू मारतो हं."

"मार रे."

मामींनी जिभेने टक् केलं, इतकं बारीक की माईकने ते कसंबसं टिपलं. एरवी त्या आवाजाने डोंगर कोसळत. मामांनी राक्षसाचं एक छोटंसं "आई गं" काढलं, आणि त्यांना खोकल्याची जी उबळ आली ती थांबेचना.

लाल दिवा विझला. स्पीकरमधून भाचा म्हणाला, "मामी, हे असं दर वेळी नाही हं चालणार."

"नाहीच चालणार. दर वेळी केलंस तर लोक झोपतील. हे एकदाच."

"हसला मात्र हा," भाचा रेकॉर्डिंगवाल्याकडे बोट दाखवत म्हणाला. "आणि मलाही हसू आलं. शेवटी खोकला आलाय, मामा. तेवढं पुन्हा घेऊ या?"

मामा पाण्याचा घोट घेत होते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आवाज जवळजवळ उरलाच नव्हता, तरी सगळ्यांना नीट ऐकू आलं.

"झालं माझं बोलून."

"मग राहू दे खोकला," भाचा म्हणाला. "चित्रकारांना सांगतो, राक्षसाच्या गळ्यात मफलर दाखवा."