शेवटचं पान नको मला

होय, मीच बोलतोय. किन्शासात पापा माबियालांच्या सलूनमध्ये बाकावर पडलेला कॉमिकचा जुना अंक. मुखपृष्ठ गेलंय, शेवटचं पानही गेलंय. पण कीव करायला याल तर याद राखा!

माझ्यात एयेंगा राहते. नदीवर होडीतून सुके मासे विकणारी, तोंडानं फटकळ बाई. बंदराचा साहेब तिची होडी अडकवतो. टेबलावर पाय टाकून म्हणतो, "उलट बोललीस त्याची माफी माग नि होडी ने." एयेंगा हातात वल्हं घट्ट धरून उभी. तिथंच मी संपतो.

पुढचं पान पापांनीच घालवलं. घाईत रद्दी समजून टरकन फाडलं आणि वस्तऱ्याचा फेस पुसला. बाकावर एकच बोंब उठली, "अहो, आता पुढचं कळायचं कसं?"

"मग तुम्हीच सांगा की," पापा ओशाळून म्हणाले.

तेव्हापासून इथला रिवाजच पडलाय. खुर्चीत बसायचं, तर आधी एयेंगाचा शेवट सांगायचा. टॅक्सीवाल्या एकोकोची एयेंगा साहेबाला टेबलासकट नदीत ढकलते. शेजारी क्वांगा, म्हणजे पानात गुंडाळलेली कसाव्याची भाकरी, विकणारी मा लुझोलो दाढी थोडीच करते, पण शेवट सांगायला रोज येते. तिची एयेंगा सगळा बाजार आणून कचेरीत बसवते आणि तिथंच चुली पेटवते. हसून हसून गिऱ्हाइकांचे गाल कापायची वेळ येते.

परवा न्सोना आली. माझ्या चित्रकाराची मुलगी. बाप वारला नि मालिका बंद पडली, ती आता हिनं पुन्हा सुरू केलीय. नवा अंक घेऊन थेट इथंच आली. "बाबांचे खरे वाचक तुम्ही. चांगलं-वाईट काय ते तोंडावर सांगा."

चित्रं बघून मी तर जळलो, खरं सांगतो. पाण्यावरचं ऊन काय, एयेंगाच्या वेण्या काय!

"अगं, या माशांचा वास येतोय मला!" मा लुझोलो म्हणाली. न्सोनाचा जीव भांड्यात पडला.

मग एकोको मोठ्यानं वाचू लागला आणि मध्येच थांबला. "हे काय? एयेंगा साहेबाची चाकरी का करतेय?"

"तिनं माफी मागितली ना. बाबांनीच तसं काढलंय." न्सोनानं पिशवीतून माझ्या शेवटच्या पानाची प्रत काढली. एयेंगा गुडघ्यांवर, वल्हं जमिनीवर. सोबत डिंकाची बाटली. "हे चिकटवते. पुरा होईल बिचारा."

बिचारा? मी?

पोरगी खोटं बोलत नव्हती. ते पान माझंच. पण छापखान्यात काय झालं ते मी पाहिलंय. खऱ्या बंदरावरच्या खऱ्या साहेबानं टाळं ठोकायची धमकी दिली, तेव्हा तिच्या बापानं शेवट बदलून आणला. "छापा," एवढंच म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला. हे सांगायला मला तोंड कुठंय?

"पोरी, चित्रं झकास," पापा म्हणाले. "गोष्ट नाही चालायची."

"बाबांची आहे ती!"

"असू दे. तो इथं बसला असता, तर त्यालाही हेच ऐकवलं असतं. हे पान तू नीट बघितलंयस का?"

रागारागानं तिनं पान डोळ्यांजवळ नेलं आणि बघतच राहिली. एयेंगाच्या पाठीवरून तिनं बोट फिरवलं. "ही रेघ थरथरलीय," ती हळूच म्हणाली. "बाबांचा हात कधीच थरथरत नसे."

तिनं डोळे पुसले, डिंकाची बाटली पिशवीत टाकली आणि पान पापांपुढं धरलं.

"घ्या. फेस पुसा."

"मग बस खुर्चीत. पण आधी शेवट सांग."

न्सोना बसली. "एयेंगानं वल्हं उचललं..." ती म्हणाली, आणि सगळा बाक पुढं सरकला.

तेव्हा ऐका, मला पुरा करायला कुणी येऊ नका. एयेंगा अजून उभी आहे.